श्वास रोखा, आता सोडा

४ फेब्रुवारी

वन्सं,

कॅमेरा घेतला!

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं खाली कुठेतरी येईल, आधी हे वाचा. काल सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि कॅमेरा घेऊन घरी आले. दूध राहिलंच. कुणाला विचारलं नाही, कुणाचा सल्ला घेतला नाही. दुकानातल्या बाईने तो हातात दिला मात्र, माझी बोटं जिथे जायची तिथे आपोआप गेली. डावा हात खाली, उजव्याची तर्जनी वर, कोपर पोटाशी. मी मेली चारदा चष्मा शोधते, कपाळावरच असतो, पण बोटांना सगळं लक्षात होतं. दुकानातच मला हसू फुटलं. ती बाई म्हणाली, "आजी, नातवासाठी का?" मी म्हटलं, "नाही गं, आजीसाठीच."

तुम्ही म्हणाल, दोन वर्षं ना फोन ना चिठ्ठी, आणि आता एकदम हे कॅमेरापुराण. खरंय. पण दुसऱ्या कुणाला सांगू? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या त्या माहेरच्या डबड्या कॅमेऱ्यासमोर बसायला एकच माणूस तयार असायचं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, दोन्ही वेण्या पुढे घेऊन. कॉलेजात होतात तुम्ही. सासूबाई खालून ओरडायच्या आणि आपण रोल संपेपर्यंत खाली उतरायचो नाही. मग मला इस्पितळात नोकरी लागली, मुलं झाली, कॅमेरा एकदा हातातून पडला तो पडलाच. पुढची सगळी वर्षं एक्स-रेच्या खोलीत लोकांच्या हाडांचे फोटो काढण्यात गेली. हाडांचा फोटो कधी कुणी फ्रेम करून लावत नाही हो.

आता रिटायर झालेय. मुलं आपापल्या गावी आहेत. सकाळच्या चहानंतर दुपारच्या चहापर्यंत करायचं काय, हा प्रश्न गेलं वर्षभर पडलेला होता. आजपासून सुटला.

तुमचा पत्ता मी जपून ठेवला होता. रजिस्टर ऑफिसच्या जिन्यात तुम्हीच माझ्या मुठीत कोंबला होतात तो, आठवतं ना? या घरातून तुमच्या लग्नाला आलेली मी एकटीच. पण ते असो. हे पत्र फक्त फोटोंबद्दल आहे. बाकी विषय काढायचा नाही असं मी स्वतःला बजावलंय, तेव्हा तुम्हीही निर्धास्त वाचा.

घरी आल्यावर तुमच्या बंधुराजांनी आधी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोनच शब्द बोलले. "या वयात?"

हे दोन शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. मला तेव्हाही राग आला होता आणि कालही आला, पण काल हातात कॅमेरा होता म्हणून टिकला नाही. बघा, विषय निघालाच. थांबते.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

वन्सं,

हसून हसून पोट दुखतंय, तुम्हालाही हसवते.

इथल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी फोटो काढणाऱ्यांचा गट जमतो. मुख्य बाईंचं चष्म्याचं दुकान आहे, सगळे त्यांना चष्मेवाल्या बाईच म्हणतात. उंच, खणखणीत आवाज, तोंडावर बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ओळखीच्या माणसांचे चेहरे काढून आणा. मी काय, उतावीळच होते. दुसऱ्या सकाळपासून सगळ्या गल्लीला कामाला लावलं. बेकरीवाला, त्याची बायको, खालचे पहारेकरी काका, वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई, कुणाला सोडलं नाही.

शनिवारी मोठ्या ऐटीत फोटो टेबलावर मांडले. चष्मेवाल्या बाईंनी एकेक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "काय हो, ही सगळी माणसं नदीत बुडी मारायला निघालीत का?"

मी बघितलं आणि मला ब्रह्मांड आठवलं. एकूण एक माणूस छाती फुगवून, हनुवटी वर, खांदे पुढे, गाल ताणलेले, डोळे वटारलेले. पहारेकरी काकांचं तर शर्टाचं बटण तुटायला आलेलं. आणि सगळे अगदी मधोमध, नाकासमोर. का, तर मी प्रत्येकाला म्हणाले होते, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." म्हणत होते हे मला कळलंसुद्धा नव्हतं! इतकी वर्षं तेच म्हणत आले, तोंड आपलं आपण बोलतं.

पुढचं ऐका. मी गळ्यातली साखळी काढायला लावली होती सगळ्यांना. फोटोंच्या मागे पेन्सिलीने 'डावी बाजू', 'उजवी बाजू' लिहिलं होतं. आणि बेकरीवाल्याची बायको, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तिला मी कॅमेरा लावल्यावर अगदी गंभीरपणे विचारलं, "दिवस वगैरे गेलेले नाहीत ना?" बाई आधी आ वासून बघत राहिली, मग तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि दोघं काउंटरला धरून जे हसत सुटले! ते हसणं काढायचं मला सुचलं नाही. मी त्यांचं हसू थांबायची वाट बघत उभी, श्वास रोखायला सांगायचं होतं ना.

आणि कडी म्हणजे, हॉलमध्ये मला कॅमेरा तिकाटण्यावर लावून, लांबून बटण दाबून दाखवायला सांगितलं. मी बटण घेतलं आणि सरळ चालत जाऊन दाराच्या मागे उभी राहिले. चष्मेवाल्या बाई ओरडल्या, "अहो, कुठे चाललात?" मी दाराआडून म्हटलं, "किरणं..." सगळा हॉल हसला. जित्याची खोड, दुसरं काय!

घरी येऊन हे सगळं सांगितलं. तुमचे बंधुराज पेपर वाचत होते. पेपर हलला नाही, पण पेपरामागे खांदे हलत होते.

सोबत त्या बुडी मारणाऱ्या मंडळींचे दोन फोटो पाठवतेय. तुमचा मी काढला नसता असा, एवढं खरं. तुम्ही टाकीला टेकून कधी श्वास रोखला नाहीत, तोंडच मिटत नव्हतं तुमचं.

तुमची वहिनी


११ मार्च

वन्सं!

कार्ड आलं! तुमचं अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. "बेकरीवाला मेल्यासारखा दिसतो. बायको बरी आहे. मागची फळी वाकडी आहे, क्षितिज सरळ ठेवत जा." बस. ना नमस्कार, ना सही. भूगोलाच्या बाई शोभता. दोन वर्षांनी तुमची पहिली ओळ, आणि त्यात मला नापास केलंत. मी ते कार्ड चारदा वाचलं.

पण एक विचारू? पाकीट का नाही वापरलंत? उघडं कार्ड घरात कुणीही वाचतं, हे तुम्हाला माहीत नसेल असं मी कसं मानू! टपाल वर आणण्याचं काम कुणाचं आहे तेही तुम्हाला माहीत आहे. मी बाजारातून आले तर कार्ड टेबलावर ठेवलेलं होतं. टाकलेलं नव्हे, ठेवलेलं. टेबलाच्या बरोबर मधोमध, कडांना समांतर. आयुष्य वजनमापाच्या खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेला माणूस, तो वस्तू ठेवतो तीसुद्धा मोजून. आणि चहा त्यांनी केला त्या दिवशी.

आता खरी बातमी. मला सापडलं! त्यासाठीच पेन उचललं.

वरच्या शिवणकामवाल्या बाईंचा पुन्हा फोटो काढत होते. मी कितीही ठरवलं तरी तोंडातून "रोखा" निघालंच. बटण दाबलं. मग सवयीने म्हटलं, "आता सोडा." आणि बोट चुकून पुन्हा दाबलं गेलं. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी आले. पहिल्यात नेहमीची बुडी. दुसऱ्यात... वन्सं, दुसऱ्यात त्या बाई होत्या. खांदे उतरलेले, ओठ जरासे सुटलेले, डोळ्यांत ते "झालं बाई एकदाचं". दिवसभर मशीनवर वाकून दमलेली, तरी मिस्कील, अगदी मी रोज जिन्यात भेटते ती. लोक श्वास सोडतात तेव्हा तोंडावर राखण करायला कुणी नसतं. आणि मी इतकी वर्षं रोज तो क्षण बघत आले! काचेआडून, शेकडो माणसांचा. बघत होते आणि पुढच्या पेशंटला हाक मारत होते.

आता मी मुद्दामच म्हणते, "श्वास घ्या, रोखा." बटण दाबत नाही. मग म्हणते, "सोडा." आणि दाबते. पहारेकरी काका, बेकरीवाला, सगळ्यांचे पुन्हा काढले. चष्मेवाल्या बाईंनी या शनिवारी एक फोटो उचलला तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. म्हणाल्या, "हे असं कुणाकडून शिकलात?" मी म्हटलं, "इस्पितळात." त्यांना पटलं नाही.

पुढे प्रदर्शन आहे. वाचनालयाच्या लांब व्हरांड्यात, गटातल्या प्रत्येकाचा एक फोटो. विषय, 'घरातलं माणूस'. माझ्या घरात माणूस एकच आहे, आणि ते माणूस कॅमेरा दिसला की उठून बाल्कनीत जातं. "या वयात माझे फोटो कशाला?" माझ्याकडे त्यांचे गेल्या दहा वर्षांतले दोनच फोटो आहेत, एक छातीचा आणि एक डाव्या गुडघ्याचा. ते लावू म्हणता?

क्षितिज सरळ ठेवलंय. सोबतचा फोटो पट्टी लावून तपासा.

तुमची वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

आज सुचेल तसं भराभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या. आणि आज मी ठरवलेला नियम मोडणार आहे. विषय काढणार आहे.

आधी एक गोष्ट सांगते जी तुम्हाला माहीत नाही. तुम्ही या घरात जेवायला बसून सांगितलंत, मी लग्न करतेय, आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येतात त्यांच्याशी. त्यावर तुमचा दादा म्हणाला, "या वयात? आणि लिफ्टवाल्याशी?" तुम्ही ताटावरून उठलात. त्या दिवसापासून हा माणूस लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. मी थट्टा करत नाहीये. बँक दुसऱ्या मजल्यावर, जिना. पेन्शनचं ऑफिस चौथ्यावर, जिना. डॉक्टर पाचव्यावर, तरी जिना. गुडघा कुरकुरतो त्याला औषध घ्यायला जायचं, आणि जाताना पाच मजले चढायचे! मी विचारलं तर म्हणतात, "व्यायाम होतो." सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. तो पीळ तुमच्यातही तेवढाच आहे, उगाच खूश होऊ नका. तुमच्या दोघांच्या भांडणात मी कुठेच नव्हते, तरी सुक्याबरोबर ओलं जळावं तशी दोन वर्षं जळले, म्हणून बोलते.

तर काल डॉक्टरकडे गेलो. मी शहाणी लिफ्टने वर. कॅमेरा गळ्यात होताच, हल्ली असतोच. वरच्या खिडकीतून जिन्यावर छान तिरपा उजेड येतो, तो बघत मी कठड्याशी उभी राहिले. खालून पावलं ऐकू येत होती. थांबत थांबत. मग शेवटच्या वळणावर ते दिसले. एक हात कठड्यावर, तोंड उघडं, पार धापा टाकत. म्हटलं, काढावा का? तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं.

आतून एक बाई बाहेर आली. उंच, आखूड केस, चष्मा दोरीने गळ्यात, खांद्याला कापडी पिशवी, आणि शाळेची घंटा झाल्यासारखी लगबग. वन्सं, मीसुद्धा क्षणभर फसले, वाटलं तुम्हीच.

ते शेवटच्या पायरीवर होते. त्यांचा मोकळा हात वर गेला. पूर्ण नाही, अर्धा. हाक मारायला उचलतो तसा. आणि चेहरा... मी या चेहऱ्याशी इतकी वर्षं संसार केला. तो रागावलेला पाहिलाय, तापात पाहिलाय, मुलगी सासरी गेली तेव्हाचा पाहिलाय. हा पाहिला नव्हता. बाजारात हात सुटून हरवलेल्या लहान मुलाला घरचं माणूस दिसावं तसा होता. मी काही म्हटलं नाही, रोखाही नाही, सोडाही नाही. त्यांच्याजवळ रोखायला श्वास शिल्लकच नव्हता. बोटाने बटण दाबलं.

बाई वळली. दुसरीच कुणीतरी. दाताच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तो वर गेलेला हात केसांवरून फिरवला आणि मला म्हणाले, "आपला कितवा नंबर आहे बघ."

दुपारी ते झोपल्यावर मी फोटो मोठा करून बघितला आणि रडले. आनंदानेच रडले असं म्हणते, कारण इतका चांगला फोटो मी जन्मात काढलेला नाही. खोटं नाही सांगत, ती गुर्मीही होती त्या रडण्यात. पण खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षं मला वाटत होतं की या माणसाने तुमचं नाव टाकलंय. तसं नाही.

एक प्रत सोबत आहे. त्यांना अजून दाखवलेला नाही. तुम्हीच आधी बघा.

तुमची वहिनी


१७ एप्रिल

वन्सं,

तुमचं काही आलं नाही. रोज टपालाची वाट बघतेय. फोटो मिळाला ना? का चूक केली पाठवून? नाही, चूक नाही केली. पुन्हा वेळ आली तरी पाठवीन.

इथे मात्र धमाल चालू आहे, ती सांगते. प्रदर्शनात लावायचा तर त्यांना विचारायला हवं होतं. चोरून लावणं मला जमलं नसतं. रविवारी चहाच्या कपाशेजारी फोटो ठेवला. त्यांनी उचलला. लांब धरला, जवळ धरला, खिडकीशी नेला. मला वाटलं, आता फाटतोय.

"मी असा दिसतो?" म्हणाले.

"कधी कधी."

"हात कशाला वर केला होता मी?"

"ते तुम्हीच सांगा."

फोटो पुन्हा लांब धरला. मग म्हणाले, "माशी असेल."

पाचव्या मजल्यावर माशी! मी ओठ चावून बसले. त्यांनी फोटो पुन्हा टेबलावर ठेवला, अगदी मधोमध, आणि म्हणाले, "लाव. लावायचा तर लाव. पण मी बघायला येणार नाही."

परवा व्हरांड्यात सगळे फोटो लागले. बावीस जणांचे, आणि माझा दाराच्या समोर! चष्मेवाल्या बाईंनी जागा ठरवली. आत शिरणारा प्रत्येक जण आधी तुमच्या दादाला भेटतो. मी संध्याकाळभर खांबाआड उभी राहून लोक बघत होते. (किरणांसाठी नाही हो, लाज वाटत होती म्हणून.) एक म्हातारे गृहस्थ फोटोसमोर थांबले आणि नकळत त्यांचाही हात जरासा वर झाला. वन्सं, मी तिथे नाचायचीच बाकी होते! या वयात!

आणि आता गंमत. न येणारे गृहस्थ दोन्ही दिवस सकाळी येऊन गेले. वाचनालय उघडल्या उघडल्या, कुणी नसताना. चष्मेवाल्या बाईंनी स्वतः बघितलं. पहिल्या दिवशी नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी खिशातून पातळी बघायची पाणसळ काढून फ्रेमच्या डोक्यावर ठेवली. फ्रेम डावीकडे दोन सूत कलली होती म्हणे. ती सरळ केली, शेजारच्या दोन फ्रेमीही सरळ केल्या आणि निघून गेले.

घरी मी विचारलं, कुठे गेला होता सकाळी? म्हणाले, "व्यायाम."

लिहा काहीतरी. वाकडं लिहा, रागाचं लिहा, नुसतं क्षितिज चुकलं म्हणून लिहा, पण लिहा.

तुमची वहिनी


६ मे

वन्सं,

पाकीट फोडण्याआधी तुम्ही ते उलटसुलट करून बघितलं असेल. तिकीट नाही, शिक्का नाही. कारण हे पोस्टाने आलेलं नाही.

तुमचं कार्ड शुक्रवारी आलं. पुन्हा उघडं, पुन्हा एकच ओळ. "दादाला जिना चढताना इतकी धाप कधीपासून लागते?" मी फोटो पाठवला त्यात हात होता, चेहरा होता, उजेड होता, मी ज्याच्यावर नाचत होते ते सगळं होतं, आणि तुम्ही त्यातली धाप बघितलीत. मला माझ्याच फोटोत ती दिसली नव्हती. रोज बघणारी मी, इस्पितळात जन्म घालवलेली मी, मला ती जिन्याची धाप वाटली, आणि इतक्या लांबून तुम्हाला काळजी वाटली. बहिणीची नजर ती बहिणीची.

या वेळी टपाल मी वर आणलं. कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि भाजी चिरायला बसले. त्यांनी उभ्यानेच वाचलं. एकदा वाचून तितकाच वेळ लावून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ही भूगोल शिकवायची की डॉक्टरकी करायची?" मी सुरी चालवत राहिले. मी काही बोलले असते तर सगळं बिघडलं असतं.

चहा झाला. पेपर झाला. पेपर उलटा धरला होता असं मी म्हणणार नाही, पण पान काही उलटलं नाही. शेवटी म्हणाले, "काय उत्तर देणारेस तिला?"

"तुम्हाला विचारलंय. मी काय देऊ?"

"हे असलं पत्रात काय लिहायचं," म्हणाले, "जाऊन सांगतो."

वन्सं, सुरी माझ्या बोटाला लागता लागता राहिली. मी ओरडले नाही, नाचले नाही, नुसतं "बरं" म्हटलं. आत जाऊन मोरीत नळ सोडून हसले आणि मग रडले. प्रदर्शन काल संपलं. मला कुणी बक्षीस दिलं नाही, चष्मेवाल्या बाईंनी मात्र पुढच्या वर्षी गटाला शिकवाल का म्हणून विचारलंय. त्याचं पुढच्या पत्रात सविस्तर सांगेन, आज ते महत्त्वाचं नाही. मी फ्रेम घरी आणली आणि म्हटलं, ही वन्संना पोस्टाने पाठवू का? तर एकदम कडाडले, "पोस्टाने? काच फुटेल! मी जातोच आहे ना!" जणू फ्रेम पोचवायलाच निघालेत. असू दे. तेवढं निमित्त त्यांना हवं आहे, तुम्ही ते काढून घेऊ नका.

मी मुद्दाम येत नाहीये. मी आले तर ते मला पुढे करतील, स्वतः मागे उभे राहतील, आणि बोलणं तुमचं-माझंच होईल. मला ते नको आहे. या खेपेला पुढे तेच उभे राहू देत.

धापेचं उत्तर मी देणार नाही, ते त्यांच्या तोंडून घ्या. एवढंच सांगते, की तुमचं कार्ड आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून माझ्या जुन्या एक्स-रेच्या खोलीत नेलं, आणि छातीचा फोटो मी स्वतः उजेडाला धरून बघितला. स्वच्छ आहे. तेव्हा वाचता वाचता घाबरू नका.

सकाळी निघताना त्यांनी फ्रेम टॉवेलात गुंडाळली, वर दोरी, दोरीला मोजून गाठी. हे पाकीट खिशात घातलं, काय लिहिलंय ते विचारलं नाही. चपला घातल्या, पुन्हा काढल्या, बूट घातले. दारात थांबून विचारलं, "ते असतील का घरी?"

मी म्हटलं, "ते कोण?"

जिन्याकडे बघत म्हणाले, "मेहुणे."

दोन वर्षांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. मी ऐकला आणि तुम्हाला कळवायचा म्हणून ते बूट बांधेपर्यंत खिशातलं पाकीट परत मागून घेतलं, या चार ओळी खाली लिहिल्या आणि पुन्हा डिंक लावला. म्हणून वरची कड चुरगळलेली असेल.

मी त्यांना बजावून सांगितलंय, पत्र वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. म्हणजे आत्ता, तुम्ही ही ओळ वाचताय तेव्हा, ते तुमच्या दारात फ्रेम पोटाशी धरून उभे आहेत, आणि तुम्ही कुठल्या ओळीवर आला असाल ते तुमच्या चेहऱ्यावरून ताडून बघतायत. बस म्हटल्याशिवाय ते बसणार नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वन्सं, आता पत्र खाली ठेवा आणि दादाला आत घ्या. भांडायचं ते बसून भांडा.

तुमची वहिनी